फिरता मेकॅनिक आणि जुन्या मोटारी

1. गाडीच मेकॅनिककडे का नेत नाहीत?

साताऱ्यातल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत 1940 च्या दशकातली मॉरिस एट उभी आहे आणि ती बघायला पुण्याहून मेकॅनिक येणार आहे, असे कळले की शेजारी हमखास विचारतात, "एवढ्या लांबून माणूस बोलावण्यापेक्षा गाडीच पुण्याला का नेत नाही?" प्रश्न रास्त आहे. नवी गाडी असती तर नेलीच असती. जुन्या गाडीपुढे मात्र अडचणींची रांग लागते.

सर्वांत मोठी अडचण ब्रेकची. गाडी बरीच वर्षे उभी राहिली की ब्रेकमधली रबरे कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि चाकांपाशी असलेले सिलिंडर आतून गंजतात. अशी गाडी चालवत नेणे धोक्याचे असते आणि दोर बांधून ओढत नेणे त्याहून धोक्याचे, कारण पुढची गाडी थांबली तरी मागची थांबेलच असे नाही. मग फ्लॅटबेड ट्रक बोलवावा लागतो, त्याचे जाण्यायेण्याचे भाडे भरावे लागते. त्यातच 1930 च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांच्या बॉडीला आतून लाकडी सांगाडा असतो. सांधे कुजलेले असले, तर ट्रकवर चढवताना साखळी भलत्या जागी अडकवल्याने दरवाजे कायमचे बसेनासे होतात.

गाडी पोहोचली तरी पुढे काय, हाही प्रश्न उरतो. आजच्या गॅरेजमधला कारागीर स्कॅनर लावून दोष वाचायला शिकलेला असतो. कार्ब्युरेटर, डायनामो आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांच्याशी त्याचा संबंध आलेला नसतो, आणि यात त्याचा काही दोष नाही. जुन्या गाड्या ओळखणारे हात थोडे, गाड्या गावोगाव विखुरलेल्या. अशा वेळी गाड्यांपेक्षा हात फिरवणे स्वस्त पडते.

ही पद्धत मोटारीइतकीच जुनी आहे. रोल्स रॉईस कंपनी सुरुवातीच्या काळात मालकांच्या चालकांसाठी शाळा चालवत असे आणि विकलेल्या गाड्या तपासायला निरीक्षक पाठवत असे. 1908 मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. तीत घाट चढून नाव कमावलेली 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही रोल्स रॉईस पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. संस्थानांत तेव्हा मोटारखाने होते आणि मेकॅनिक पगारी नोकर असे. संस्थाने विलीन झाली, 1971 मध्ये तनखेही बंद झाले आणि मोटारखाने मोडले. गाड्या विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या, काही पडवीत राहिल्या. त्यांच्यामागे असलेला माणूस मात्र राहिला नाही. ती जागा आता फिरता मेकॅनिक भरून काढतो.

2. 'व्हिंटेज' कशाला म्हणायचे?

बोलताना कोणत्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हटले जाते. हौशी मंडळी मात्र यात काटेकोर असतात. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत 1919 ते 1930 या काळातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात, त्यानंतरच्या गाड्यांना वेगळी नावे आहेत. भारतीय नियम याहून सैल आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून 50 वर्षांपेक्षा जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठे फेरफार न केलेले वाहन म्हणजे व्हिंटेज असे ठरवले. हा नियम दुचाकींनाही लागू आहे.

या सैलपणाची एक गंमत आहे. मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा असलेली प्रीमियर पद्मिनी याच नावाने 1974 मध्ये आली. म्हणजे तिच्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या, मूळ रूपात असतील तर, आता कायद्याने व्हिंटेज ठरू लागल्या आहेत. महाराजांची रोल्स रॉईस आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी एकाच व्याख्येत बसतात. मेकॅनिकच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी जगे आहेत, आणि कोणत्या जगात जायचे आहे हे त्याला घर सोडण्याआधी कळावे लागते.

3. पहिला फोन

भेट यशस्वी होणार की फुकट जाणार, हे बहुतेक वेळा पहिल्या फोनवर ठरते. शहरातल्या गॅरेजमध्ये एखादा पाना कमी पडला तर शेजारच्या दुकानातून आणता येतो. वाड्याच्या पडवीत तो कमी पडला तर दिवस गेला. म्हणून अनुभवी मेकॅनिक "येतो" म्हणण्याआधी बरेच काही विचारून घेतो.

पहिला प्रश्न गाडीच्या ओळखीचा. आरसी बुकातले वर्ष पुरेसे नसते, कारण ते पुष्कळदा नोंदणीचे असते, बनावटीचे नसते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्यांची जोडणी सुरू केली. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रीमियर कंपनी कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडू लागली. सुटे भाग बोटीने यायचे, गाडी इथे जोडली जायची, विकली जाऊन तिची नोंद व्हायची तोवर वर्ष उलटलेले असायचे. म्हणून चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक मागितले जातात. दोन्ही क्रमांकांचे फोटो हवेत, तोंडी सांगितलेले नकोत. गंजलेल्या पट्टीवरचा 3 आणि 8 यांतला फरक फोनवर कळत नाही.

दुसरा प्रश्न काळाचा, आणि याचे उत्तर खणूनच काढावे लागते.

"काका, शेवटची कधी चालू केली होती?"

"दिवाळीत."

"कोणत्या दिवाळीत?"

यावर पलीकडे जी शांतता पसरते तिची लांबी मेकॅनिकला पुरेशी माहिती देते. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी, ताजे पेट्रोल आणि थोडी साफसफाई बहुधा पुरते. सहा वर्षे उभी असेल तर टाकी, कार्ब्युरेटर आणि ब्रेक धरून चालावे लागते. वीस वर्षे झाली असतील तर इंजिन हाताने फिरते का, एवढेच पाहायला पहिली भेट ठेवलेली बरी.

तिसरा प्रश्न लक्षणाचा. "चालू होत नाही" हे लक्षण मेकॅनिकच्या फारसे उपयोगी नाही. स्टार्टर फिरतो का? फिरत असेल तर इंजिन एखादा ठोका तरी देते का? थंड असताना चालू होऊन गरम झाल्यावर बंद पडते का? गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होणारी गाडी असेल, तर संशय कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइलवर जातो, आणि दोन्ही वस्तू पिशवीत टाकून निघता येते.

शेवटी जागेची चौकशी. जमीन सपाट आणि कडक आहे का? मातीत जॅक खचतो. डोक्यावर छप्पर, 15 अँपिअरचा प्लग, पाणी आणि गाडी ढकलायला दोन माणसे आहेत का? हे विचारणे काही मालकांना आगाऊपणाचे वाटते. पण शेणाने सारवलेल्या अंगणात जॅकवर चढवलेली गाडी एकदा घसरताना पाहिली, की कोणताही मेकॅनिक हा प्रश्न विसरत नाही.

4. 6 व्होल्ट की 12?

फोनवरच विचारायचा एक प्रश्न स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवा. आजच्या मोटारींत 12 व्होल्टची बॅटरी असते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि नंतरच्याही अनेक छोट्या गाड्यांत, मॉरिस एटमध्येसुद्धा, ती 6 व्होल्टची असते. फरक नुसता बॅटरीच्या आकाराचा नाही.

हेडलाइटचा बल्ब 36 वॉटचा आहे असे धरू. वॉटला व्होल्टने भागले की तारेतून जाणारा प्रवाह मिळतो. 12 व्होल्टवर तो 3 अँपिअर होतो, 6 व्होल्टवर 6 अँपिअर. उजेड तेवढाच, पण तारेवरचा भार दुप्पट. म्हणून 6 व्होल्टच्या गाडीला मुळात जाड तारा असतात. गावातल्या इलेक्ट्रिशियनने जुनी तार तुटली म्हणून आजच्या मापाची बारीक तार घातली, तर दिवा मंद लागतो आणि तार तापते. 'जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणतेच' हा समज पुष्कळ अंशी अशा बारीक तारांमुळे आणि गंजलेल्या जोडांमुळे झालेला आहे.

दुसरी भानगड बॅटरीच्या टोकांची. आज ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक जोडलेले असे. जुना डायनामो उलट जोडणी एकवेळ सोसतो. पण नंतर कुणी अल्टरनेटर किंवा रेडिओ बसवला असेल, तर उलटी लावलेली बॅटरी त्यांना क्षणात जाळते. त्यामुळे बॅटरी काढण्याआधी तिचा फोटो काढायला मालकाला सांगितले जाते. नंतर आठवणीवर विसंबण्यात अर्थ नसतो.

5. पाने तीन प्रकारचे

मेकॅनिकची पिशवी जड का असते, याचे कारण आट्यांत आहे. नट-बोल्टवरच्या पिळाला आटे म्हणतात. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचे पहिले राष्ट्रीय मानक सुचवले, त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा होता. अमेरिकेने 60 अंशांचा कोन घेतला, मापे इंचातच ठेवली. युरोप मिलिमीटरमध्ये गेला. म्हणून जुनी मॉरिस, शेवरोले आणि फियाट या तीन गाड्यांना पान्यांचे तीन वेगळे संच लागतात.

व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नवख्याला हटकून फसवतो. त्यावर पाव इंच लिहिलेले असले तरी पान्याचे तोंड पाव इंचाचे नसते. तो आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, डोक्याचा नसतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात 0.525 इंच, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरच्या जरा पुढे भरते. 13 चा पाना त्यावर बसत नाही, 14 चा बसतो पण सैल बसतो आणि जोर लावला की बोल्टच्या कडा घासून टाकतो. कडा गेलेला बोल्ट दिसला की आधी कुणी कोणत्या पान्याने झटापट केली, हे जाणकाराला न विचारता कळते.

याहून चमत्कारिक प्रकार मॉरिसच्या इंजिनांत आहे. 1920 च्या दशकात मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रे मिलिमीटरचे आटे पाडणारी होती. ब्रिटिश गॅरेजमध्ये मात्र सगळीकडे व्हिटवर्थचे पाने. यंत्रे बदलणे महाग, म्हणून आटे फ्रेंच आणि डोकी व्हिटवर्थची असे बोल्ट तयार झाले आणि ती रीत पुढे कित्येक वर्षे टिकली. पाना बरोबर बसतो म्हणून व्हिटवर्थचा नवा बोल्ट आत घालायला जावे, तर दोन फेऱ्यांत तो अडकतो आणि जोर केला तर ब्लॉकमधले आटे बाद. म्हणून मॉरिसकडे निघताना पिशवीत दोन्ही जातींचे बोल्ट आणि आटे मोजायची पट्टी असते. जुन्या हिंदुस्थान आणि अॅम्बॅसेडर मोटारी मॉरिसच्याच वंशातल्या असल्या, तरी 1950 च्या दशकानंतर त्यांच्या इंजिनांत इंची मापाचे अमेरिकी धाटणीचे आटे आले. 'अॅम्बॅसेडर येते म्हणजे मॉरिस येतेच' असे म्हणणाऱ्याकडे जुनी मॉरिस सोपवताना म्हणूनच दोनदा विचार करावा.

6. दौरा कसा आखतात?

एकाच गाडीसाठी दोनशे किलोमीटर जाणे मालकाला महाग पडते आणि मेकॅनिकला परवडत नाही. कल्हईवाला एका पातेल्यासाठी भट्टी पेटवत नाही, आळीतली भांडी गोळा झाली की पेटवतो. फिरता मेकॅनिकही एका दिशेच्या गाड्या जमल्या की निघतो.

पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर, साताऱ्याहून कोल्हापूर 120, कोल्हापूरहून सांगली 50 आणि सांगलीहून पुणे 235. तिन्ही गावांत एकेक गाडी आहे असे समजू. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर साताऱ्याचे 220, कोल्हापूरचे 460 आणि सांगलीचे 470 असे 1,150 किलोमीटर होतात. एकाच फेरीत तिन्ही गाड्या घेतल्या तर 515 पुरतात. किलोमीटरला 12 रुपये धरले, तर 13,800 रुपयांचा प्रवास 6,180 रुपयांत होतो.

आता हे 6,180 तिघांत वाटायचे कसे? सारखे वाटले तर प्रत्येकी 2,060 होतात. कोल्हापूरचा मालक खूश, पण साताऱ्याच्या मालकाला मेकॅनिक नुसता त्याच्याकडे आला असता तर 2,640 पडले असते. त्याची बचत फारच थोडी होते आणि पुढच्या खेपेला तो थांबायला तयार होत नाही. त्यामुळे एकट्याने बोलावले असते तर किती पडले असते, त्या प्रमाणात खर्च वाटणे न्याय्य ठरते. तसे केले तर साताऱ्याला 1,182, कोल्हापूरला 2,472 आणि सांगलीला 2,526 रुपये येतात. प्रत्येकाचा खर्च निम्म्याहून कमी होतो आणि कुणाची तक्रार राहत नाही.

गावांचा क्रमही विचारपूर्वक लावतात. साताऱ्याच्या गाडीचे हेड उघडावे लागेल असा संशय असेल, तर तिथे जाताना थांबून हेड काढायचे आणि बरोबर कोल्हापूरला न्यायचे. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर फाउंड्री आणि लेथच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून घ्यायचा आणि सांगलीचे काम उरकून परतताना ते हेड साताऱ्यात बसवायचे. महामार्ग साताऱ्यावरूनच जातो, तेव्हा एकही किलोमीटर वाढत नाही. उलट क्रम लावला तर याच कामाला दुसरी फेरी लागते.

दौऱ्यात एक मोकळा दिवस ठेवतात. तो ठेवला नाही तर पहिल्या गावात अडकलेला एक बोल्ट पुढच्या दोन्ही मालकांचे वेळापत्रक बिघडवतो. पावसाळ्यात उघड्या अंगणातली कामे होत नाहीत. आषाढात लोणंद-फलटणच्या बाजूला पालखीमुळे वाहतूक वळवलेली असते, तिकडच्या भेटी त्या दिवसांत न ठरवणेच शहाणपणाचे.

7. भेटीच्या दिवशी

मेकॅनिक पोहोचला की मालकाला गाडी ताबडतोब चालू झालेली पाहायची असते. बॉनेट उघडून किल्ली फिरवावी, असा आग्रहही होतो. चांगला मेकॅनिक तो मोडून काढतो. बरीच वर्षे उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. एकदम स्टार्टर मारला तर रिंग तुटू शकते. म्हणून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात, थांबतात आणि मग पुढून हँडल घालून इंजिन हाताने हलवून पाहतात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. ड्रायव्हरांच्या जुन्या पिढीला हे पाठ होते.

मग टाकी. जुने पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट राळ उरते आणि ती कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. भारतात 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले, त्यामुळे आणखी एक काम वाढले. इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते. काही अतिजुन्या कार्ब्युरेटरांत कॉर्कची तरंडी असते आणि तिच्यावर लाखेचे रोगण असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे प्रत्येक सुताराला माहीत असते, आणि इथेनॉल हे स्पिरिटच. रोगण गेले की कॉर्क पेट्रोल पिऊन बुडतो आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीही कळते. काचेच्या मापात 100 मिलिलिटर पेट्रोल आणि 10 मिलिलिटर पाणी घालून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर 10 चा साधारण 30 झाला, तर पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल आहे. हा प्रयोग घराबाहेर, विडी-काडीपासून दूर करावा.

इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: करंट, पेट्रोल आणि दाब. तपासणी बहुधा याच क्रमाने होते, कारण करंट तपासायला सर्वांत सोपा. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटमधली फट पाहतात. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत ती 0.015 इंचाच्या आसपास, म्हणजे जेमतेम 0.38 मिलिमीटर असते. बरीच वर्षे उभ्या गाडीत या पॉइंटांवर पातळ गंज चढतो आणि बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर गाडी चालू होते. मालकाला हा चमत्कार वाटतो. "एवढ्यासाठी इतक्या लांबून बोलावले?" असेही काही जण म्हणतात. पण पैसे पॉलिश पेपरचे नसतात, तो कुठे फिरवायचा या माहितीचे असतात.

दाबाची तपासणी जास्त बोलकी असते. चार सिलिंडरच्या गाडीत गेजवर 120, 118, 70 आणि 115 असे आकडे आले असे धरू. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गळती आहे हे उघड आहे, पण कुठून? त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजतात. आकडा 70 वरून 105 वर गेला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत. आकडा तसाच राहिला तर दोष वरच्या बाजूला, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गास्केटमध्ये. पहिले काम मोठे, दुसरे त्यामानाने आटोक्यातले. चमचाभर तेलावर हजारोंचा हिशेब ठरतो.

इंजिन चालू झाले तरी ब्रेक पाहिल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नसते. फोर्ड मॉडेल टी असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. तिचे डावे पेडल गिअरचे, मधले मागे जाण्याचे, उजवे ब्रेकचे, आणि वेग वाढवायची कळ स्टिअरिंगखाली. आजच्या सवयीने मधले पेडल दाबणारा माणूस गाडी थांबवण्याऐवजी मागे नेतो. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या आणि जगाने त्या चालवल्या, पण आज ती चालवायला देण्याआधी अनुभवी ड्रायव्हरलासुद्धा शिकवावे लागते.

8. सुटे भाग आणि पैसे

सुट्या भागांचे बाजार प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतात: पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मलिक बाजार. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीचे बहुतेक भाग अजून तिथे मिळतात. ब्रिटिश गाड्यांचे रबर, गास्केट आणि इग्निशनचे भाग ब्रिटनमधून मागवता येतात, मात्र टपालखर्च आणि आयातशुल्क धरून त्यांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पुढे जाते. खरी पंचाईत मिळतच नाहीत अशा भागांची. ते बनवून घ्यावे लागतात. जुन्या अनेक इंजिनांत बेअरिंगच्या जागी कथलावर आधारलेला मऊ मिश्रधातू ओतून, मग लेथवर माप काढलेले असते. हे ओतकाम जाणणारे कारागीर थोडे आहेत आणि त्यांच्याकडे नंबर लावावा लागतो.

पैशाची बोलणी आधी झाली तर संबंध टिकतात. रिवाज असा की प्रवासखर्च आणि पहिल्या दिवसाची मजुरी आगाऊ, राहण्याजेवणाची सोय मालकाची, आणि सुटे भाग मालकाने स्वतः विकत घ्यायचे किंवा पावतीवर. शेवटची अट मेकॅनिकच्या फायद्याची वाटते, पण खरा फायदा मालकाचा आहे, कारण भागाची किंमत आणि दर्जा त्याच्या डोळ्यांसमोर राहतो. पहिल्या भेटीत संपूर्ण दुरुस्तीचा ठोक आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहावे. उघडल्याशिवाय दिसत नाही अशा इंजिनाचा ठोक आकडा कुणालाच सांगता येत नाही.

निघण्याआधी चांगला मेकॅनिक वहीत काही ओळी लिहून ठेवतो: आज काय केले, कोणते तेल घातले, दाबाचे आकडे किती आले, पॉइंटची फट किती ठेवली, पुढच्या वेळी काय बघायचे. ही वही गाडीतच राहावी. मेकॅनिक बदलला, मालक बदलला, तरी तिच्यातले आकडे उपयोगी पडतात. पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या सिलिंडरचा दाब 110 होता आणि आज 70 आहे, हे कळणे नुसत्या 70 पेक्षा फार मोलाचे असते.

9. कागद आणि हंगाम

2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज वाहनाच्या नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि फेरनोंदणीचे 5,000 रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येते. मूळ रूप राखण्याची अट मेकॅनिकच्या कामालाही लागू पडते. सोय म्हणून मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवण्याची टूम एकेकाळी फार होती. तशा गाड्यांचे मालक आता मूळ इंजिने शोधत फिरतात. मूळ भाग काढला तर तो भंगारात देऊ नये, नाव आणि तारीख लिहून घरातच ठेवावा.

जुन्या गाड्यांच्या रॅली आपल्याकडे मुख्यतः थंडीत होतात, त्यामुळे ऑक्टोबरपासून प्रत्येक मेकॅनिकची वही भरलेली असते. बेअरिंगचे ओतकाम किंवा बाहेरून मागवलेले भाग यांना आठवडे लागतात आणि पहिली भेट बहुधा फक्त तपासणीत जाते. जानेवारीत गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर पहिला फोन गणपती उठले की करावा आणि फोन करण्याआधी चॅसिस क्रमांक, इंजिनाच्या दोन्ही बाजू, बॅटरीची जोडणी आणि गाडीखालची जमीन यांचे फोटो काढून ठेवावेत.